पाणकोंबड्या 14 की 71?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं कुणालाही लागेल. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले 28 तलाव आणि बोड्या (लहान तलाव), प्रत्येक ठिकाणी तीन फेऱ्या, पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालत जाऊन दिसलेल्या किंवा ऐकू आलेल्या लाजऱ्या पाणकोंबड्या मोजल्यास. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत ‘अनमार्क्ड’ पॅकेज घेऊन त्यातलं ‘पीकाउंट’ हे मोजण्यांवरून संख्या काढणारं फंक्शन चालवलंस. संख्येसाठी पॉयसन वितरण घेतलं तर तलावामागे सरासरी 14 पक्षी आले. निगेटिव्ह बायनॉमियल या दुसऱ्या वितरणाचा एआयसी (मॉडेलांची तुलना करायचा आकडा, कमी तो चांगला) कमी म्हणून ते घेतलं तर 37. ‘के’ वाढवून 300 केला तर 71. सात कोव्हेरिएट (वेळ, क्षेत्र, झुडूप अशा परिणाम करणाऱ्या गोष्टी) घातल्यावर तर ‘हेसियन सिंग्युलर आहे’ अशी तांबडी ओळच आली. वरून तुझे गाइड विचारून राहिले की, एका बोडीवर 71 पाणकोंबड्या तू कुठं पाहिल्यास? तुझी सगळ्यात मोठी मोजणी 11 ची आहे.

गाइडचा प्रश्न बरोबर आहे. पण कोडमध्ये चूक शोधत बसलीस तर हाती फार लागणार नाही. एक-दोन चुका आहेत, त्यांच्याकडे येतो. मुख्य गडबड तुझ्या तिसऱ्या फेरीत आहे आणि ती तुझ्या वहीतच लिहिलेली आहे.

आधी तुझेच तीन निकाल शेजारी ठेव. कोव्हेरिएट न घालता चालवलेल्या पॉयसन मॉडेलमध्ये संख्येचा आकडा 2.66 आणि डिटेक्शनचा, म्हणजे पक्षी दिसण्याच्या शक्यतेचा, −1.29 आहे. हे आकडे जसेच्या तसे वाचायचे नसतात. संख्या लॉगमध्ये असते, म्हणून 2.66 चा घातांक घ्यायचा: 14.3. डिटेक्शन लॉजिटमध्ये असतं: −1.29 म्हणजे 0.216. म्हणजे मॉडेल म्हणतं, तलावावर 14 पक्षी आहेत आणि एका फेरीत त्यातला एकेक पक्षी तुला सापडायची शक्यता 22 टक्के. निगेटिव्ह बायनॉमियलच्या 37 च्या जोडीला 0.084 आहे आणि 71 च्या जोडीला 0.044. आता प्रत्येक जोडीचा गुणाकार कर. तिन्ही वेळा 3.1 येतो, आणि 3.1 ही तुझ्या सगळ्या मोजण्यांची साधी सरासरी आहे.

म्हणजे गुणाकार मॉडेलला पक्का माहीत आहे. त्यातले किती ‘असण्याचे’ आणि किती ‘दिसण्याचे’, ही वाटणी मात्र त्याला जमलेली नाही. 14 × 0.216 असो की 71 × 0.044, तुझा डेटा दोन्हीला सारखीच मान हलवतो. ‘के’ वाढवला की उत्तर वाढतं ते यामुळेच. ‘के’ म्हणजे एका तलावावर जास्तीत जास्त किती पक्षी असू शकतात हे धरून बेरीज कुठं थांबवायची, ती हद्द. तू दिला नाहीस तर पॅकेज सगळ्यात मोठ्या मोजणीत 100 मिळवून घेतं. तुझ्याकडे 11 होते म्हणून 111. उत्तर जर या हद्दीवर अवलंबून असेल तर ते पक्ष्यांबद्दल काही सांगत नाही. कुंपण हलवलं की गाय पुढं सरकते, एवढंच त्यातून कळतं.

मग ही वाटणी मॉडेल करतं तरी कशावरून? अँडी रॉयल यांनी 2004 मध्ये हे एन-मिक्श्चर मॉडेल मांडलं तेव्हा त्यातली गंमत हीच होती, की पक्ष्यांना कडी न घालता, खुणा न करता, नुसत्या पुन्हा पुन्हा केलेल्या मोजणीतून संख्या काढायची. हे जादूसारखं वाटतं म्हणून त्याचा हिशेब एकदा कागदावर कर.

समज एका तलावावर 5 पक्षी आहेत आणि दिसण्याची शक्यता 0.8. फेरीमागे सरासरी 4 दिसतील. दुसऱ्या तलावावर 40 आहेत पण शक्यता 0.1. तिथंही सरासरी 4. फरक कुठं पडतो? चढउतारात. पहिल्या तलावावर फेऱ्या-फेऱ्यांमधला व्हेरियन्स (चढउताराचं माप) 5 × 0.8 × 0.2, म्हणजे 0.8. तिथं तुला 4, 4, 5 असं काहीतरी मिळेल. दुसरीकडे तो 40 × 0.1 × 0.9, म्हणजे 3.6, मिळेल 2, 6, 4. झालं. 5 आणि 40 मधला सगळा फरक या चढउतारात लपलेला आहे, आणि तो तुला तीन फेऱ्यांवरून ओळखायचा आहे.

आता पुढचा टप्पा, जो बहुतेक जण सोडून देतात. अशा ‘दिसला की नाही दिसला’ मोजणीत, म्हणजे बायनॉमियलमध्ये, व्हेरियन्स सरासरीपेक्षा नेहमी कमीच असतो. सरासरी 4 असेल तर व्हेरियन्स 4 च्या आतच. तो 4 कडे सरकू लागला की मॉडेल म्हणतं, पक्षी खूप आहेत आणि दिसण्याची शक्यता फार कमी. तो 4 च्या वर गेला तर मॉडेलला एकच पळवाट उरते: संख्या अनंताकडे, शक्यता शून्याकडे. म्हणजे मोजणीत ज्या कोणत्या कारणानं जादा चढउतार घुसेल, ते सगळं मॉडेल ‘न दिसलेले पक्षी’ म्हणून जमा करतं. उन्हात गेलीस, पक्षी तलाव सोडून गेले, एकच पक्षी दोनदा मोजला, तरी बिल पक्ष्यांच्याच नावावर फाटतं.

तुझ्या फाइलमधला सातव्या ओळीतला तलाव बघ: 4, 5, 4. सरासरी 4.33, व्हेरियन्स 0.33. झटपट अंदाज असा निघतो: एकातून 0.33 भागिले 4.33 वजा केले की शक्यता 0.92, आणि संख्या 4.33 भागिले 0.92, म्हणजे 4.7. शहाणा तलाव आहे. आता एकोणिसाव्या ओळीतली बोडी: 3, 9, 2. सरासरी 4.67, व्हेरियन्स 14.3. सरासरीच्या तिप्पट! कोणतीही संख्या आणि कोणतीही शक्यता घेतली तरी बायनॉमियलला हे पेलत नाही. तीन आकड्यांवरून एका तलावाचा निकाल लावू नये हे खरं, पण अशा आठ-दहा ओळी असल्या की सगळं मॉडेल त्या बाजूला झुकतं. तुझ्याकडे नऊ आहेत.

आता सगळ्या तलावांचं एकत्र बघू. मोजणीच्या तक्त्यावर ‘कोव्ह’ हे साधं फंक्शन चालव; फेऱ्यांमधला कोव्हेरियन्स, म्हणजे दोन फेऱ्या किती एकत्र वरखाली होतात याचं माप, मिळेल. यामागचा विचार सोपा आहे. ज्या तलावावर खरंच जास्त पक्षी आहेत तो पहिल्या फेरीतही जास्त दाखवेल आणि दुसऱ्या फेरीतही. दिसण्याची शक्यता चांगली असेल तर फेऱ्या एकमेकींशी जुळतील. शक्यता कमी असेल तर प्रत्येक फेरी म्हणजे लॉटरी. पॉयसन मॉडेलमध्ये हे नेमकं सूत्रात बसतं: कोव्हेरियन्स भागिले सरासरी म्हणजे दिसण्याची शक्यता, आणि सरासरीचा वर्ग भागिले कोव्हेरियन्स म्हणजे संख्या. कॅल्क्युलेटरवर होतं.

मी तुझ्या तक्त्यावर केलं. पहिली-दुसरी फेरी: 1.9. पहिली-तिसरी: 0.3. दुसरी-तिसरी: −0.2. तिन्हींची सरासरी 0.67. सूत्रात घाल: 3.1 चा वर्ग 9.61, भागिले 0.67, म्हणजे 14 च्या थोडं वर. पॉयसननं तुला दिलेला आकडा हाच! संगणकानं तासभर... बरं, तुझ्या मशीनवर तासभर नसेल, पण जे काही गिरवलं त्याचं सार या एका भागाकारात आहे.

आता फक्त पहिल्या दोन फेऱ्या घे. त्यांची सरासरी 3.4. कोव्हेरियन्स 1.9. शक्यता 0.56, संख्या 6.1. एकदम माणसात आलं की नाही? तिसऱ्या फेरीचं बाकीच्या दोघींशी काही देणंघेणंच नाही. ती जणू दुसऱ्याच तलावांवर केलेली आहे.

आणि तसंच झालेलं आहे. तुझ्या फाइलमधल्या तारखा बघ. पहिल्या दोन फेऱ्या जुलैच्या पहिल्या बारा दिवसांत. तिसरी 20 ऑगस्टनंतर, कारण मध्ये परीक्षा होती. त्या दीड महिन्यात तलावाच्या खालच्या अंगाला काय झालं ते तुला मी सांगायला नको, तू तिकडचीच आहेस: रोवणी, म्हणजे धानाची लावणी, झाली. जुलैच्या सुरुवातीला पऱ्हे (धानाची रोपं) टाकलेले असतात, बांध्या (धानाची खाचरं) बऱ्याचशा उघड्या, पाणी आणि आडोसा मिळून तलावाकाठीच, त्यामुळे पाणकोंबडी तिथंच. ऑगस्ट अखेरीला धान गुडघ्याला लागतं, बांधीत पाणी, किडे, लपायला जागा. पाणकोंबडी पाळ उतरून धानात जाते. ती मेली नाही, गाव सोडून गेली नाही, पण तू पाळीवरून मोजत होतीस त्या वेळी ती तलावावर नव्हती. शिवाय काही तलावांवर तोवर पिल्लं चालती झाली असणार.

मॉडेलची पहिली अट हीच आहे की पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत तलावावरची संख्या बदलू नये. पुस्तकात याला ‘क्लोजर’ म्हणतात आणि वाचताना ती अट किरकोळ वाटते. वर हिशेब केला तेव्हा दिसलं ना ती मोडली की काय होतं ते? थोडीशी ये-जा, तीही कुठल्या एका दिशेनं नसेल, तर चालवून घेता येते. मग निघालेली संख्या ‘या तलावाचा वापर करणारे पक्षी’ अशी वाचायची आणि शक्यतेत ‘त्या वेळी तलावावर असणं’ हेही धरायचं. पण सगळ्या पक्ष्यांनी एकाच वेळी धानात उतरणं हे त्यात बसत नाही.

तेव्हा तिसरी फेरी मॉडेलमधून काढ. वाईट वाटेल. 28 तलाव म्हणजे किती किलोमीटर गाडी आणि किती चिखल, हे मला माहीत आहे. ती फेरी वाया गेली नाही. प्रबंधात रोवणीनंतरच्या वापरावर वेगळा परिच्छेद होईल, आणि खरं सांगू, तो परिच्छेद मला तुझ्या मॉडेलपेक्षा जास्त वाचावासा वाटतो.

दुसरी गोष्ट वेळेची. तुझ्या फेऱ्या सकाळी पावणेसहापासून साडेअकरापर्यंत पसरल्या आहेत. एका दिवशी चार-पाच तलाव करायचे तर असं होतंच. पण पावसाळ्यात हा पक्षी पहाटे आणि ढगाळ वेळी घसा फाटेस्तोवर ओरडतो आणि ऊन चढलं की गप्प. भंडाऱ्याकडच्या एका तलावावर मी वर्षभर मोजणी केली तेव्हा शिंगाड्याचा डोंगा वल्हवणारे एक ढिवर काका मला अकरा वाजता पाळीवर बघून हसले होते. म्हणाले, ‘आता काय दिसन बावा, थे तं बेशरमात घुसून रायते.’ हे वाक्य म्हणजे डिटेक्शनचं अख्खं कोव्हेरिएट आहे: वेळ, आणि काठावरचं बेशरमाचं झुडूप.

म्हणून मॉडेलमध्ये डिटेक्शनच्या बाजूला दोनच गोष्टी ठेव: सूर्योदयापासून गेलेली मिनिटं आणि काठावरच्या झुडपाचं प्रमाण. संख्येच्या बाजूला पण दोनच: झुडूप आणि तलावाचं क्षेत्र. सात कोव्हेरिएट 28 तलावांना झेपणार नाहीत. ‘हेसियन सिंग्युलर’ ही ओळ तेच सांगत होती, म्हणजे काही आकडे ठरवायला डेटा पुरत नाही. त्या ओळीतच पुढं लिहिलेलं असतं की कोव्हेरिएट कमी करा किंवा सुरुवातीच्या किमती द्या. आपण सगळे तांबडं दिसलं की वाचणं थांबवतो.

सूत्र लिहिताना एक खड्डा आहे. ‘पीकाउंट’मध्ये दोन सूत्रं एकापुढे एक येतात: पहिलं डिटेक्शनचं, दुसरं संख्येचं. तू उलटं समजून क्षेत्रफळ पहिल्यात घातलंस आणि वेळ दुसऱ्यात. मोजणीच्या वेळेवरून तलावावरचे पक्षी ठरत नाहीत. वेळ फेरीगणिक बदलते, त्यामुळे ती संख्येच्या सूत्रात टाकली की पॅकेज तक्रार करतं. तू ती तक्रार टाळायला प्रत्येक तलावाची सरासरी वेळ काढून घातलीस, तिथं फसलीस. नीट लिहिलं तर असं दिसेल: ~ वेळ + झुडूप ~ झुडूप + क्षेत्र. (‘आर’ची 4.2 किंवा नंतरची आवृत्ती असेल तर विंडोजवरही देवनागरी नावं सहसा चालतात. पण कॉलेजच्या जुन्या मशीनवर चौकोन दिसायला लागले की रडू नको, नावं रोमनमध्ये लिहून मोकळी हो.)

आणि क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये टाकलं आहेस, आकडे लाखांत. त्याच्या शेजारी झुडपाचं प्रमाण 0 ते 1. अशा दोन आकड्यांमधून उतार शोधणाऱ्या गणितविधीचा पाय घसरतो. ‘स्केल’ करून घे, म्हणजे सरासरी वजा आणि प्रमाण विचलनानं भाग. क्षेत्राचा आधी लॉग घे; दोन हेक्टरची बोडी आणि शंभर हेक्टरचा तलाव एका रेषेत बसत नाहीत.

तक्ता भरण्याबद्दल माझ्याकडे एक जखम आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी मोजणीची शीट तलावांच्या नावानं लावली होती आणि वेळेची शीट फेरीच्या क्रमानं. दोन्हीत तेवढ्याच ओळी, त्यामुळे पॅकेजनं चू केलं नाही. पहाटेच्या मोजण्यांना दुपारच्या वेळा चिकटल्या. अहवाल गेला, त्यावर सहीही झाली, आणि चार महिन्यांनी मलाच शंका आली की पाणकोंबडी दुपारी जास्त कशी ओरडते. तेव्हापासून प्रत्येक शीटमध्ये पहिला रकाना तलावाचा नंबर, आणि पॅकेजसाठी फ्रेम (एकत्र तक्ता) बांधायच्या आधी दोन्ही शीटचे नंबर जुळतात का ही एक ओळ कोडमध्ये. तुझ्या शीटमध्ये क्रम ठीक आहे, मी बघितलं. पण चौदाव्या आणि बाविसाव्या ओळीत दुसऱ्या फेरीला शून्य लिहिलं आहेस आणि शेरा आहे ‘पावसामुळे गेलो नाही’. न गेलेल्या फेरीला शून्य नाही, ‘एनए’ (माहिती नाही) लिहायचं. शून्य म्हणजे गेलो, शोधलं, नव्हत्या. पॅकेज ‘एनए’ नीट सांभाळतं. ही दोन शून्यं दुरुस्त केल्यावर वरचे कोव्हेरियन्सचे आकडे थोडे हलतील, गोष्ट तीच राहील.

एवढं करून मी पहिल्या दोन फेऱ्यांवर पॉयसन चालवलं. सरासरी तलावावर 7 पक्षी, सरासरी वेळेला दिसण्याची शक्यता 0.48. मघाशी नुसत्या सूत्रानं 6.1 आले होते, आता 7 कसे? तलाव एकसारखे नसतात. मोठ्या तलावावर जास्त, लहान बोडीवर कमी, या फरकामुळेच दोन फेऱ्या एकमेकींशी जुळतात आणि सूत्र त्याचं श्रेय ‘चांगलं दिसतं’ याला देऊन टाकतं. क्षेत्र मॉडेलमध्ये आलं की ते श्रेय परत घेतलं जातं. ‘के’ 111 ठेवला काय, 300 ठेवला काय, उत्तर दोन दशांशापर्यंत तेच. 95 टक्के मर्यादा मात्र 4 ते 12. रुंद आहे. दोन फेऱ्यांत यापेक्षा अरुंद मिळत नसते.

आता जे मला आवडलं ते. झुडपाचा परिणाम संख्येवर +0.42 आणि डिटेक्शनवर −0.7 आला. म्हणजे झुडूप एका प्रमाण विचलनानं वाढलं की पक्षी 1.52 पट, 7 चे 10.6. आणि दिसण्याची शक्यता 0.48 वरून 0.314 वर. गुणाकार कर. मध्यम झुडपाच्या तलावावर 7 × 0.48, म्हणजे 3.36 पक्षी मोजले जातील. दाट बेशरम आणि पाणकणीस असलेल्या तलावावर 10.6 × 0.314, म्हणजे 3.33. सारखेच! तू तुझ्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतंस की काठावरच्या झुडपाचा पाणकोंबडीच्या संख्येशी संबंध आढळला नाही. मोजणीत तो आढळणारच नव्हता. झुडूप जितके पक्षी आणतं तितकेच लपवतं. हे सगळं गणित कशासाठी, असं गाइडनी विचारलं तर 71 चा विषय बाजूला ठेव आणि हे दोन गुणाकार दाखव.

पण एकच कोव्हेरिएट दोन्ही बाजूंना आहे आणि फेऱ्या दोनच, तेव्हा +0.42 आणि −0.7 हे एकमेकांना टेकून उभे आहेत. एकाची मर्यादा शून्याला शिवते. प्रबंधात ‘आढळलं’ म्हणू नको, ‘असं दिसतं, आणि पुढच्या जुलैत तपासण्यासारखं आहे’ असं म्हण.

निगेटिव्ह बायनॉमियलचं काय? एआयसीनं त्याला पुढं आणलं हे खरं. इथं एआयसीचं ऐकू नको. ते तुझ्या मोजण्या किती चांगल्या बसल्या एवढंच सांगतं, न मोजलेल्या पक्ष्यांबद्दल त्याला काही कळत नाही. निगेटिव्ह बायनॉमियलची शेपटी लांब असते, जादा चढउतार तो सहज पोटात घेतो आणि त्या बदल्यात संख्या वाटेल तिथं नेऊन ठेवतो. मार्क केरी आणि मंडळींनी पक्ष्यांच्या मोजण्यांवर हा पेच बराच आधी दाखवला आहे: बसतं छान, सांगतं भलतंच. माझा नियम असा: निगेटिव्ह बायनॉमियलचं उत्तर पॉयसनच्या दुपटीहून जास्त असेल आणि ‘के’सोबत चालत असेल, तर ते वापरायचं नाही. आधी विचारायचं, हा जादा चढउतार आला कुठून? बहुतेक वेळा उत्तर वहीत सापडतं.

मॉडेल बसलं की नाही ते बघायला ‘पारबूट’ चालव. ते काय करतं, तर तुझ्याच मॉडेलमधून खोट्या मोजण्या तयार करतं, त्यांना पुन्हा मॉडेल बसवतं आणि तुझा खरा डेटा त्या गर्दीत मिसळतो की वेगळा पडतो ते दाखवतं. पाचशे वेळा कर. त्यासाठी ‘के’ 60 पुरे, नाहीतर रात्रभर पंखा ओरडत राहील.

आणि एक गोष्ट नक्की कर, कारण तिच्यातून जेवढं कळेल तेवढं माझ्या सांगण्यातून कळणार नाही. खोटे तलाव बनव. ‘आरपॉइस’नं 28 तलावांना सरासरी 7 चे पक्षी वाट, ‘आरबायनॉम’नं त्यातले 0.48 नं दिसलेले मोज, दोन फेऱ्या. ‘पीकाउंट’ चालव. उत्तर 7 च्या जवळ येतं का बघ. हे शंभर वेळा कर आणि उत्तरांचा हिस्टोग्राम काढ. मग 0.48 च्या जागी 0.15 घाल आणि पुन्हा शंभर वेळा. आता खरं उत्तर तूच घातलेलं आहेस, तरी काही वेळा मॉडेल ‘के’च्या कुंपणाला जाऊन धडकेल. मग फेऱ्या चार कर, मग तलाव 60. कुठल्या गोष्टीनं हिस्टोग्राम आवळला जातो ते डोळ्यांनी दिसेल, आणि पुढच्या वर्षीचा दौरा त्यावरून ठरव. माझा सल्ला विचारशील तर तलाव 28 च ठेव, फेऱ्या चार, सगळ्या जुलैच्या पहिल्या पंधरा दिवसांत, नऊच्या आत. एकाला दिवसाला तीनच तलाव होतील, म्हणून दोन जोडीदार घे. त्यांतल्या एकाकडून काही तलावांवर तुझ्यासोबत स्वतंत्र मोजणीही करून घे: दोघं एकाच वेळी, न बोलता. दोन निरीक्षकांचा डेटा वाटणीच्या प्रश्नाला वेगळ्या वाटेनं उत्तर देतो, तोही आपण घालू शकतो.

अडई बदकांवर हेच मॉडेल वापरू का, असं शेवटी विचारलं आहेस. नको. अडई थव्यानं बसते. एक दिसली की चाळीस दिसतात, उडाली की चाळीस जातात. प्रत्येक पक्षी स्वतंत्रपणे दिसतो ही अट तिथं पहिल्याच फेरीला मोडते. थवे मोजायचे, आणि थव्यात किती ते वेगळं. तो दुसरा विषय.

‘सगळ्या तलावांवर मिळून किती’ हे गाइडना हवं असेल तर ‘रॅनएफ’ घेऊन तलावागणिक अंदाज काढ आणि बेरीज कर, पण मर्यादांसकट लिही. आणि ही संख्या 28 तलावांची आहे, तालुक्याची नाही. तलाव तू रस्त्याजवळचे निवडलेत, ते वाक्यही लिही. परीक्षकांनी विचारण्याआधी आपण सांगितलेलं बरं.

त्या एकोणिसाव्या ओळीतल्या बोडीचं काय झालं ते मात्र मला फाइलवरून कळलं नाही. 3, 9, 2. दुसऱ्या फेरीची वेळ 6:10, शेरा रिकामा. पाणकोंबडीची पिल्लं कापसाच्या काळ्या गोळ्यासारखी आईमागून चालतात. तू ती मोजणीत धरली असशील तर 9 मधले मोठे किती ते काढावं लागेल, कारण बाकी सगळीकडे तू मोठेच मोजलेत. नाहीतर पाळीच्या दोन टोकांना ओरडणारा तोच पक्षी दोनदा आला असेल. वहीचं ते पान शोध आणि फोटो पाठव, मग त्या ओळीचं ठरवू.